कोरडी रेघ

माझे वडील समुद्रापासून शेकडो मैल दूर जन्मले आणि नोकरीभर बोटींत किती माणसं बसवायची ते ठरवत राहिले. कोकणातल्या खाड्यांवर फेरीबोटी आणि लाँचा तपासायच्या, आणि शेवटी प्रत्येकीच्या अंगावर ठळक रंगात एक आकडा लिहून घ्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर आम्ही संभाजीनगरला परत आलो, तेव्हा नातेवाईक हसायचे. "बुद्धभूषण, आपल्या खाम नदीत कागदाची होडीसुद्धा बुडत नाही, इथं काय मोजणार?" अप्पाही हसायचे. मग कुणाच्या लग्नात हॉलच्या गच्चीवर गर्दी झाली, की गुपचूप खाली उतरून यायचे.

मी लहान असताना त्यांनी मला एकदा तपासणीला नेलं होतं. धक्क्याला एक नवी लाँच बांधलेली होती आणि माणसं तिच्यात रेतीची पोती चढवत होती. सगळी पोती एकाच बाजूला. लाँच कलली, तशी मी घाबरून त्यांचा हात धरला.

"पोती कशाला? माणसं बसवा की," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. एका माणसाला बसायला किती जागा लागते, त्यावरून एक आकडा निघतो. किती वजनाला बोट किती बुडते, त्यावरून दुसरा. जीव वाचवायची जॅकेटं किती आहेत, त्यावरून तिसरा. आणि सगळी माणसं एकदम एकाच बाजूला गेली तर काठ पाण्याच्या किती वर राहतो, त्यावरून चौथा. यातला सगळ्यात लहान असेल तो लिहायचा.

"मोठा का नाही?"

"मोठा आकडा लोक आपापला काढतातच," अप्पा म्हणाले.

मला चौथा आकडा विचित्र वाटला होता. सगळी माणसं एकाच बाजूला कशाला जातील? त्यावर ते म्हणाले होते, "किनाऱ्यावर कुणी ओळखीचं दिसलं तरी जातात. शांत बसलेली माणसं कुठलीही बोट नेते, सुकेशनी. मोजायचं ते माणसं उठल्यावर."

अप्पा गेले ते पावसाळा सरता सरता. त्यांची इच्छा माहीत होती. पाण्यात काही सोडायचं नाही. जुन्या लिंबखेडीच्या टेकाडावर जो लिंब आहे, त्याच्या मुळाशी अस्थी ठेवायच्या. जुनी लिंबखेडी हे त्यांचं गाव. ते शाळेत असतानाच धरणाचं पाणी आलं आणि गाव त्याखाली गेलं. गावात चांगली, सपाट जागा सगळ्यांना होती. आमची वस्ती तेवढी गावाबाहेर, मुरमाड टेकाडावर, जिथं विहीरसुद्धा नव्हती. पाणी आलं तेव्हा गाव बुडालं आणि टेकाड राहिलं. आता धरण भरलं की त्याचं बेट होतं. अप्पा कधी त्यावर भाष्य करत नसत. फक्त एकदा म्हणाले होते, "आपलं घर सगळ्यांत उंचावर होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं."

नवी लिंबखेडी गंगापूर तालुक्यातच, पाण्याच्या काठावर वसली. तिथला सोनाजी इंजिनची होडी चालवतो. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरं कमी झाली तेव्हा त्यानं कर्ज काढून होडी घेतली. पाणी ओसरलं की जी गाळाची जमीन उघडी पडते, तिथं पलीकडं गाळपेर करायला बायका जातात, त्यांना तो नेतो-आणतो. जाताना रिकाम्या हातानं, येताना डोक्यावर गवताचा भारा.

अप्पांच्या जाण्यानंतर त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, अस्थी घेऊन कधी येऊ लागलाव? अन्‌ एक इचारू का? साहेब माझा आकडा सांगून गेले का काही?"

त्याची हकीकत मला माहीत होती. नागपंचमीच्या सुमाराला त्याची होडी भरून निघाली होती, त्याच्या मामाकडचे पाहुणे वर बसले होते, आणि मध्यावर काठावरून पाणी आत आलं. घोट्याएवढं. कुणी बुडालं नाही. पण होडीत त्याची आई होती, सून होती. त्यानंतर तो आमच्या घरी आला आणि अप्पांपुढं मांडी घालून बसला. "साहेब, मला कळतं जास्त झालंय ते. पण मामाला 'उतर' कसं म्हणू? सोयऱ्याला कसं म्हणू? एक दिवस माझ्याच हातानं माझं घर बुडवीन मी. तुम्ही मला आकडा द्या. तुमचा आकडा गाव ऐकंल." तपासणीसाठी त्यानं रीतसर अर्ज केला होता, तारीख लागायची होती. तोपर्यंत तरी काहीतरी हवं होतं.

अप्पा त्याच्या गावी गेले, एक दिवस राहिले, होडीच्या बाहेरच्या अंगाला काठाखाली वीतभर सोडून पांढरी रेघ ओढून आले. होडी भरून, सगळी माणसं एका बाजूला गेली तरी ही रेघ कोरडी राहिली पाहिजे. पण आकडा न देताच आले. मी विचारलं तेव्हा चहा ढवळत म्हणाले, "आज होडी खोटं बोलली."

"म्हणजे?"

"माणसं फार शहाण्यासारखी बसली होती. पुन्हा जावं लागेल."

पुन्हा जाणं झालं नाही. मी सोनाजीला फोनवर हेच सांगितलं, शब्द न बदलता. पलीकडून उसासा ऐकू आला. "मग आता कुणाला इचारू, ताई?"

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. मला पुस्तकं कुठं ठेवायची ते कळतं. होडीतलं काय कळणार, असं मी म्हणणार होते, पण म्हणाले नाही.

दिवाळीनंतर मी आणि आई निघालो. गंगापूरहून पुढं जीप. आईच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं होतं आणि आम्ही आधीच चौघी तिघींच्या जागेत बसलो होतो. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "मावशी, जरा सरका ना, एक सीट हाये अजून." आईनं मडकं उचलून छातीशी धरलं आणि सरकली. मला वाटलं, ती काही बोलेल. ती नुसती बाहेर बघत राहिली. गेले दोन महिने ती अशीच होती आणि मीही. येणारा-जाणारा म्हणायचा, किती छान सावरलंत दोघींनी. अप्पा असते तर म्हणाले असते, यावरून काही सिद्ध होत नाही.

काठावर माझ्या अंदाजापेक्षा खूप जास्त माणसं होती. आमच्या जुन्या वस्तीतली घरं आता वाळूज, गंगापूर, शहरात विखुरली आहेत, तिथून लोक आले होते. बुद्धवंदना म्हणायला धोंडिबाकाका आले होते, अप्पांचे बालमित्र, हातात काठी आणि डोक्यावर निळी टोपी. गावातलेही आले होते. सगळ्यांत पुढं सोनाजीचे मामा रामप्रसाद, धुवट पांढऱ्या कपड्यांत.

"चला, एकाच खेपेत जाऊ," रामप्रसाद म्हणाले. "साहेबाला निरोप द्यायचा तर सगळ्यांनी मिळून. दोन तुकड्यांत निरोप देतेत व्हय?"

लोकांनी माना डोलावल्या. सोनाजीनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला कळलं. आज तो 'नाही' म्हणू शकणार नव्हता. आज तर अजिबातच नाही.

"आधी मोजून घेऊ," मी म्हणाले. "अप्पांचं काम राहिलंय. तेवढं झाल्याशिवाय मी यात त्यांना नेणार नाही."

"कसं मोजायचं?" एकानं विचारलं.

"ते करत होते तसं. बसा सगळे. किती बसता नेहमी?"

"सोळा तर बसतेतच," सोनाजी पुटपुटला.

सोळा जणांना बसवलं. होडी काठालाच दोरानं बांधलेली होती. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले, रेघ नीट दिसावी म्हणून. "आता सगळे माझ्या बाजूला सरका. अगदी काठाला."

माणसं सरकली. होडी कलली, आणि पाणी रेघेच्या खालीच थांबलं. चांगलं चार बोटं खाली.

"झालं की!" रामप्रसाद म्हणाले. "सोळा! लिही रे सोन्या."

टाळ्यासुद्धा वाजल्या. सोनाजीचा चेहरा उजळला. मलाही क्षणभर बरं वाटलं. मग मी रेघेवरून नजर काढून वर, माणसांकडं पाहिलं.

पुरुष पुढं बसले होते, बायका मागं, आणि मधे एक फळी रिकामी. सोनाजीची सून मेघा इकडं सरकलीच नव्हती. इकडं सासऱ्यांचे मामा होते, म्हणून ती पदर ओढून पलीकडच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, आणि तिच्या सोबतीला आणखी दोघी. धोंडिबाकाका आणि रामप्रसाद एकाच फळीवर होते, पण दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. ती कुणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. दोघांनाही ती सवयीची होती.

माणसं फार शहाण्यासारखी बसली होती.

मी तशीच पाण्यात उभी राहिले. ते वाक्य मी दोन महिने मनात घेऊन हिंडत होते, आणि त्याचा अर्थ इथं, असा, सगळ्यांच्या देखत बसलेला होता.

"मेघा," मी म्हणाले, "नागपंचमीला पाणी आत आलं तेव्हा तू कुठं बसली होतीस?"

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "कुठं म्हंजे... मला नाय आठवत. मी मामांच्या गळ्यातच पडले होते."

एकदम हशा झाला. रामप्रसादांनाही हसू आवरेना. "व्हय व्हय," ते म्हणाले, "माझा सदरा फाडला पोरीनं."

"तेव्हा पदर कुठं होता?"

"पदराचं काय घिऊन बसला, ताई! जीव राहतो का जातो, त्याचं बघावं का पदराचं?" मेघा म्हणाली.

"तेच," मी म्हणाले. "आत्ता तुम्ही सगळे मान राखून बसलात. त्या वेळी कुणी राखणार नाही. आकडा त्या वेळचा काढायचा असतो. अप्पांना बहुतेक हेच खटकलं होतं, पण ते तुम्हाला तोंडावर बोलले नाहीत."

धोंडिबाकाका रिकाम्या जागेकडं बघत होते. मग त्यांनी काठी टेकली आणि उठले. "ऊठ रामप्रसाद. आपल्याच्यानं नाय व्हायचं हे. आपण सत्तर वर्षं नीट बसायचं शिकलो."

"मग काय करायचं?" सोनाजीनं विचारलं.

"पोती," मी म्हणाले. "खताची रिकामी पोती आहेत ना? त्यात रेती भरायची. एक पोतं म्हणजे एक माणूस, पंचाहत्तर किलो."

सोनाजीची आई बानाबाई काठावर बसली होती, चिपाडासारखी बाई. ती ओरडली, "पंचाहत्तर? माझी हाडं, कातडं अन्‌ चपला धरून चाळीस भरायची नाय मी!"

"तुमच्या डोक्यावरचा भारा धरून, आजी."

"मंग व्हय," ती म्हणाली. "मंग बराबर हाये."

रामप्रसादांच्या वाड्यात कापूस तोलायचा काटा होता. ते जरा नाराज होते, पण काटा त्यांनीच ट्रॅक्टरवर घालून आणला. शहरातून आलेल्या लोकांनी पँटी दुमडल्या. पोती भरली, तोलली, सुतळीनं शिवली. अस्थी घेऊन आलेली माणसं रेती भरतायत, हे कुणाला खटकेल असं मला वाटलं होतं. उलट सगळे आल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होते. आई काठावरच्या बाभळीच्या सावलीत मडकं घेऊन बसली होती. तिनं दोन पोती स्वतः शिवली.

मग पोती होडीत रचली, सगळी माझ्या बाजूला, एकाला एक खेटून, एकावर एक.

"बघा," बानाबाई म्हणाली, "पोत्याला सासरा नाय अन्‌ मामाबी नाय."

सोळा ठेवायची वेळच आली नाही. चौदावं पोतं टाकलं तेव्हा रेघ पाण्याखाली गेली आणि काठ पाण्याला टेकायला आला. दोन पोती काढली. पाणी रेघेवर लपलपत राहिलं, कधी वर, कधी खाली. आणखी एक काढलं. तरी एखादी लाट रेघेला शिवून जायची. आणखी एक काढलं. रेघ कोरडी झाली आणि कोरडीच राहिली.

"धा," सोनाजी म्हणाला.

मी जॅकेटं मोजली. बारा होती, सोनाजी ती इंजिनच्या डब्यात उशीसारखी कोंबून ठेवायचा. म्हणजे लहान आकडा दहाच.

"दहा, तुझ्यासकट," मी म्हणाले. "नावाडीही वजनाचा असतो. आणि हा काही परवाना नाही, सोनाजी. तपासणीचे साहेब येतील, त्यांच्या पद्धतीनं बघतील, ते सांगतील तो खरा. यापेक्षा कमी म्हणाले तर कमी. पण तोपर्यंत हा."

"धा जणांमधी इंजिनचं तेलबी निघायचं नाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"खेपा वाढतील," सोनाजी म्हणाला. त्यानं ते कुणाकडंही न बघता म्हटलं. मग घरून पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि रेघेच्या वर, स्वतःच्या हातानं, वाकडं का होईना, लिहिलं: नावाड्यासह १०.

पोती उतरवली. जॅकेटं झटकून वाटली. आईनं पांढऱ्या साडीवर केशरी जॅकेट चढवलं, तेव्हा मला अप्पांचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला: पट्टा आवळ, नुसतं लटकवू नकोस. मी पट्टा आवळला. ती जाऊन बसली. धोंडिबाकाका बसले. वाळूजचे चौघे बसले, मेघा बसली, गावातली एक म्हातारी बसली. रामप्रसाद बसले. सोनाजी इंजिनपाशी उभा होता. मी चपला हातात घेतल्या आणि एक पाय आत टाकला.

"ताई," सोनाजी म्हणाला.

मी पाहिलं. त्यानं गळ्यातला गमछा काढला होता आणि दोन्ही हातांनी पिळत होता.

"ताई, तुम्ही नका बसू. या खेपंला नाय."

काठावरून एकदम गलका झाला. "अरं, येडा झालास का? तिच्याच बापाचं कार्य अन्‌ तिलाच...!" रामप्रसाद तर ताडकन उठले. "सोन्या, इज्जत घालवली. ताई, तुम्ही बसा, मी उतरतो."

"मामा, खाली बसा," सोनाजी म्हणाला. "जो शेवटी चढला त्यानं उतरायचं. आज तुम्ही मान राखून उतरताल. उद्या दुसरा नाय उतरायचा. उद्या पाव्हणा बघून रेघ हलवू का मी?"

रामप्रसाद अर्धवट उभे, अर्धवट वाकलेले राहिले. त्यांच्या भाच्यानं त्यांना असं काही आजवर म्हटलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते माझ्याकडं बघू लागले. माझ्या एका शब्दानं ते उतरले असते, आणि मी बसले असते, आणि सगळ्यांना ते योग्यच वाटलं असतं.

मला बसायचं होतं. अप्पा टेकाडावर पोचतील तेव्हा मला तिथं असायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवं होतं असं आठवत नाही.

"मामा, बसा," मी म्हणाले, आणि पाय काढून घेतला. "आई, मी मागून येते. थांबा माझ्यासाठी."

आईनं मडकं जरा वर उचलून दाखवलं. थांबू, असं.

सोनाजीनं इंजिन सुरू केलं. तो माझ्याकडं पाहत नव्हता. मला त्याला सांगायचं होतं की अप्पांनी नोकरीभर लिहिलेले सगळे आकडे याच एका 'नाही'साठी होते, पण इंजिनच्या आवाजात ते ऐकू गेलं नसतं, आणि बहुधा त्याला ते माहीत होतं.

होडी निघाली. माझ्याशेजारी बानाबाई उभी होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तेव्हा मला कळलं की मी रडते आहे. नीट नाही, शहाण्यासारखं नाही, तोंड उघडून, सगळ्या लोकांसमोर. ती म्हणाली, "रड बाई. इथं कोण मोजतंय."

होडीतल्यांना ते दिसलं असावं. आधी आई वळली. मग मेघा पदर विसरून उठून तिच्याजवळ आली. मग धोंडिबाकाका, वाळूजचे चौघे, ती म्हातारी, आणि रामप्रसाद, धोंडिबाकाकांच्या खांद्यावर हात टेकून, मधे कसलीही जागा न ठेवता. सगळेच्या सगळे माझ्या बाजूला, काठाला. होडी कलली.

मी रेघेकडं पाहिलं. उन्हात पाणी चमकत होतं आणि नीट दिसत नव्हतं. मी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. पाण्याच्या वर, वाकड्या अक्षरांच्या खाली, ती पांढरी रेघ दिसत होती. कोरडी.

मग मी हात वर केला.